पायावरची सूज आणि घेटुळीचा काढा

निपाणीजवळच्या एका गावातून एकाने विचारलंय. आईचं वय ६३, उभं आयुष्य विड्या वळण्यात गेलं. गेले काही महिने संध्याकाळ झाली की दोन्ही पावलं आणि घोटे सुजतात, सकाळी उठल्यावर सूज बरीच ओसरलेली असते. ब्लड प्रेशरसाठी अॅम्लोडिपिन चालू आहे. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी ‘लागेल तशी’ घेतात. शेजारच्या आक्कांनी घेटुळीचा, म्हणजे पुनर्नव्याचा काढा सांगितला, जावयाने पुनर्नवासवाची, म्हणजे त्याच वनस्पतीच्या आंबवलेल्या औषधाची बाटली आणून दिली. आता काढा द्यावा की आसव, पाणी कमी प्यायला लावावं का आणि बीपीची गोळी बंद केली तर चालेल का, असे तीन प्रश्न आहेत.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण घाई तिथंच होते. बीपीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. ती बदलून मिळू शकते, आणि तुमच्या आईच्या बाबतीत बदलावी लागेल असा माझा अंदाज आहे. पण ते काम गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांचं. आसवाची बाटली तूर्त कपाटातच राहू दे. काढ्याचं पुढे सविस्तर सांगतो.

सूज हा स्वतः रोग क्वचितच असतो. खानापुरातल्या पावसात भिंतीला ओल आली तर माणूस आधी वर चढून कुठलं कौल सरकलंय ते बघतो, भिंतीला चुना फासत बसत नाही. सुजेचंही तसंच. हृदय थकलं, मूत्रपिंडातून प्रथिनं गळायला लागली, यकृत निकामी होत आलं, रक्त फार कमी झालं, थायरॉइड मंदावला, पायाच्या शिरांच्या झडपा सैल पडल्या किंवा एखाद्या गोळीने पाणी धरलं, तर या सगळ्यांत पाय सारखाच सुजलेला दिसतो. औषध मात्र प्रत्येकाचं वेगळं.

आमच्या आयुर्वेदशास्त्रात सुजेला शोथ किंवा श्वयथू म्हणतात. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला बारावा अध्याय पूर्ण याच विषयावर आहे आणि सूत्रस्थानातल्या अठराव्या अध्यायाचं नावच ‘त्रिशोथीय’ आहे. तिथली मांडणी अशी: वायू बाहेरच्या शिरांमध्ये जाऊन कफ, रक्त आणि पित्त यांना बिघडवतो, मग त्यांनीच वायूची वाट अडते, आणि तो पसरत जाऊन उंचवटा तयार करतो. यातलं जे निरीक्षण मी रोज वापरतो ते दाबण्याचं. वाताची सूज दाबली की लगेच वर येते, आणि ती दिवसा जोर करते. कफाची सूज जड, थंड, फिकट असते, दाबलेला खड्डा तसाच राहतो, आणि ती रात्री जोर धरते.

हे घरी करून बघण्यासारखं आहे. घोट्याच्या वर, नडगीच्या हाडावर अंगठा ठेवून दहा सेकंद दाबायचं आणि सोडायचं. खड्डा किती खोल पडतो, भरून यायला किती वेळ लागतो, दोन्ही पायांत सारखा आहे का, ते बघायचं. थायरॉइडच्या सुजेत बहुधा खड्डा पडतच नाही. एक गोष्ट लक्षात असू द्या: सर्वांगात पाणी साठत असेल तर दोन ते तीन लिटर जास्तीचं पाणी जमेपर्यंत बोटाला काही कळतच नाही. खड्डा दिसायला लागला म्हणजे गोष्ट बरीच पुढे गेलेली असते. म्हणून बोटापेक्षा वजनकाट्यावर माझा विश्वास जास्त. रोज सकाळी लघवी करून आल्यावर, काही खायच्या आधी वजन करायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नसते, पाणी असतं.

तुमच्या आईची सूज दिवसा वाढते, रात्री ओसरते, दोन्ही पायांना सारखी आहे. हे वर्णन ऐकून मला हृदय किंवा मूत्रपिंडाआधी दोन गोळ्या आणि एक बैठक आठवते.

पहिली गोळी अॅम्लोडिपिन. बीपीसाठी चांगली, स्वस्त, आपल्याकडे सरकारी दवाखान्यापासून खासगीपर्यंत सगळीकडे दिली जाते. ती बारीक धमन्या सैल करते, पण पुढच्या शिरा त्या मानाने सैल होत नाहीत. मग या दोन्हींमधल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांत दाब वाढून पाणी बाहेर झिरपतं आणि घोट्यात उतरतं. डोस वाढला की सूज वाढते, बायकांमध्ये जास्त दिसते. ही सूज पाणी साठल्यामुळे आलेली नसल्याने लघवीच्या गोळीने फारशी हलत नाही. घेटुळीनेही हलत नाही. ‘एवढा काढा घेतला, फरक काय पडेना’ म्हणून येणाऱ्यांच्या पिशवीतून मी आधी बीपीच्या गोळीची पट्टी काढायला लावतो. डॉक्टर डोस कमी करतात किंवा दुसऱ्या गटातली गोळी देतात आणि पाय बारीक होतात. त्यात आयुर्वेदाला श्रेय नाही आणि नसलं तरी माझं काही बिघडत नाही.

दुसरी ती गुडघ्याची. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अॅसिक्लोफेनॅक या सगळ्या गोळ्या मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतात, बीपी वाढवतात, आणि वय झालेल्या माणसात मूत्रपिंडाला इजाही करतात. बीपीची गोळी खायची आणि तिच्याविरुद्ध काम करणारी गोळी वरून घ्यायची, असा प्रकार घरोघर चालतो. ही मात्र आजच थांबवा. गुडघ्याला निरगुडीचा पाला (कानडीत लक्की म्हणतात ती) वाफवून बांधा, कोमट तिळतेल लावा. फारच दुखलं तर पॅरासिटामॉल चालेल का, तेवढं डॉक्टरांना विचारून घ्या.

याच ओघात एक सावधगिरी. संधिवातावर ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून पुडीतून, लेबलाशिवाय मिळणारी पावडर आठवड्याच्या बाजारात विकायला असते. दोन दिवसांत गुडघा पळायला लागला तर आनंद करू नका. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. महिन्या-दोन महिन्यांत चेहरा गोल होतो, अंगावर सूज चढते, साखर वाढते. आणि मग ती पुडी एकदम बंद करणंही धोक्याचं ठरतं. तीही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी करावी लागते.

आता बैठक. विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन तासन् तास बसते, गुडघे दुमडलेले, पिंढरीचे स्नायू हलत नाहीत. पायातलं रक्त वर चढवायला हृदयाला या पिंढरीची मदत लागते. ती गप्प राहिली की रक्त खालीच तुंबतं. बेळगावात शहापूर, वडगाव, खासबागला मागावर उभं राहणाऱ्यांचं नेमकं उलटं: बसायला मिळत नाही, पण परिणाम तोच. कित्येकांच्या पिंढरीवर निळ्या, वेटोळ्या शिरा फुगलेल्या असतात आणि घोट्याजवळची कातडी काळी पडलेली असते. यांना कुठलाही काढा देण्याआधी मी काम करता करता पाय हलवायला सांगतो. अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावलं चालायचं, बसल्या जागी टाचा वर-खाली करायच्या. दुपारी आणि रात्री पाय उशांवर ठेवून छातीच्या पातळीपेक्षा थोडे वर घ्यायचे. घट्ट मोजे मिळतात, ते सकाळी अंथरुणातून उतरायच्या आधी चढवायचे; पण पायातल्या धमन्यांचा रक्तपुरवठा चांगला आहे याची खात्री झाल्यावरच, विशेषतः मधुमेह किंवा तंबाखूची सवय असेल तर.

नंतर येतं मीठ. इथे मी जरा रेंगाळणार, कारण माझ्या अनुभवात सगळ्या आसव-अरिष्टांपेक्षा याचा गुण मोठा. जुन्या ग्रंथांत शोथाच्या रोग्याला वर्ज्य सांगितलेली यादी वाचा: दही, आंबट, गुळाचे पदार्थ, पिठाचे जड पदार्थ, नवं धान्य, वाळवलेल्या भाज्या, सुकवलेलं मांस, पाणथळ भागातल्या प्राण्यांचं मांस, मद्य, आणि दुपारची झोप. वाळवलेलं आणि सुकवलेलं म्हणजे बहुतेक वेळा खारवलेलंच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ ठेवायला सांगते, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा, तोही सगळा स्वयंपाक धरून. आपल्या सीमाभागातलं जेवण बघा. भाकरीत मीठ नाही ही जमेची बाजू. पण भाकरीबरोबर काय? रंजका, सांडगी मिरची, लिंबाचं लोणचं, शेंगदाण्याची चटणी, पापड, पावसाळ्यात सुका जवळा. आमटीत जाणारा घरचा कांदा-लसूण मसालासुद्धा टिकावा म्हणून मीठ घालून कुटलेला असतो, वर आमटीत मीठ वेगळं. संध्याकाळी भडंग नाहीतर मिरची भजी. बाई म्हणते, ‘मी मीठ कुठं खातो डॉक्टर, वरनं कधी घेत न्हाई बगा.’ खरंच घेत नाही. घ्यायची गरजच उरत नाही.

‘आम्ही सैंधव वापरतो’ हे उत्तर मला वारंवार मिळतं. सैंधव आयुर्वेदात इतर लवणांपेक्षा सौम्य मानलं आहे हे बरोबर, पण तेही बहुतांश सोडियम क्लोराइडच. सुजेच्या हिशोबात ते मीठच धरायचं. आणि दुकानात ‘लो सोडियम’ म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल तर ते विचारल्याशिवाय वापरायचं नाही.

मग खायचं काय? जोंधळ्याची भाकरी, मुगाचं वरण, दुधी, पडवळ, दोडका, शेवग्याच्या शेंगा, ताजं पातळ ताक. आणि हुलग्याचं माडगं. हुलगे शोथात हितकर सांगितलेत, आपल्याकडे पिकतात, प्रथिनं देतात. लसूण-जिऱ्याची फोडणी द्या, मीठ चिमूटभर. पित्ताचा त्रास असेल त्याला मात्र रोज झेपत नाही. ज्यांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलंय त्यांनी कडधान्यं किती खायची हे डॉक्टरांना विचारावं. पाण्याचं विचारलंत: तहानेप्रमाणे पिऊ दे. पाणी तोडणं ही हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या ठराविक रुग्णांची गोष्ट आहे, ती मोजून सांगितलेली असते. उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसाचं पाणी अंदाजाने तोडलं तर चक्कर येऊन पडणं आणि मूत्रपिंडावर ताण, दोन्ही येतं.

आता घेटुळी. पहिल्या पावसानंतर बांधावर, पडीक रानात, गटाराच्या कडेलासुद्धा जमिनीलगत पसरते. खोड तांबूस, पानं समोरासमोर पण जोडीतलं एक पान मोठं एक लहान, खालची बाजू फिकट, फुलं बारीक गुलाबी, आणि फळं चिकट: चालताना लुगड्याला चिकटतात. मूळ जाड, औषधाला मुख्यतः तेच. तिच्याच शेजारी उगवते मांसल, रसाळ पानांची दुसरी वनस्पती. तिलाही काही जण पांढरी पुनर्नवा म्हणतात आणि बाजारात दोन्हींची मिसळ होते. ती वेगळ्या कुळातली आहे. ओळख पक्की नसेल तर रानातून उपटून आणू नका. शहापूरच्या बी. एम. कंकणवाडी आयुर्वेद महाविद्यालयात द्रव्यगुण, म्हणजे औषधी वनस्पतींचं शास्त्र शिकवणारी मंडळी आहेत, झाड नेऊन दाखवा. पानांची भाजी आपल्या आज्या करायच्याच. ती थोडी खाल्ल्याने बिघडत नाही.

काढा करायचा तर १० ग्रॅम मुळाची भरड, १६ पट पाणी म्हणजे १६० मिली, मंद आचेवर झाकण न ठेवता उकळून ४० मिली उरवायचं. सकाळी ताजा करून घ्यायचा, काल उरलेला नाही. लघवी वाढवणं आणि शोथ उतरवणं हे तिचं जुनं, मान्य काम. अग्नी मंद, अंग जड, जिभेवर थर असलेल्या रुग्णात सुंठ घालतो. नुसत्या घेटुळीपेक्षा मला पुनर्नवाष्टक जास्त भरवशाचं वाटतं: घेटुळी, हिरडा, कडुनिंब, दारुहळद, कुटकी, कडू पडवळ, गुळवेल, सुंठ. लघवी अडखळत असेल, जळजळ असेल तर सराटा म्हणजे गोखरू. हुक्केरी-गोकाककडचे ‘नेग्गिलु’ म्हणून ओळखतात. रक्त कमी आणि सूज दोन्ही असतील तर पुनर्नवा मंडूर. त्यात लोहाचं मंडूर भस्म आहे, त्यामुळे हिमोग्लोबिन न बघता ते चालू करणं मला पटत नाही. पाळीत जास्त रक्त जाऊन पांढऱ्याफटक पडलेल्या, चेहऱ्यावर सूज असलेल्या बायकांत त्याचा चांगला गुण दिसतो. पण रक्त कुठून जातंय ते शोधणं त्यानेही चुकत नाही.

पुनर्नवासव मी का थांबवलं? आसवात आपोआप तयार झालेलं मद्य असतं, वर गूळ-साखर. मधुमेह्याला आणि दारूने यकृत खराब झालेल्याला ते नकोच. आणि नेमके पोट फुगलेले, पाय सुजलेले असे रुग्णच ते स्वतःहून विकत घेतात. पोटात पाणी झालेल्या जलोदराला ग्रंथ कष्टसाध्य मानतात. तो घरच्या बाटल्यांवर काढायचा आजार नाही. आरोग्यवर्धिनीच्या गोळ्यांतही पारा आणि तांब्याचं भस्म आहे. ‘लिव्हरचं आयुर्वेदिक टॉनिक’ म्हणून महिनोन् महिने गिळू नये.

क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर घेटुळी, गोखरू, सातूचं पाणी, शहाळं, यवक्षार, श्वेतपर्पटी (ही दोन क्षारांची औषधं) हे सगळं थांबवायचं. यातल्या बऱ्याच गोष्टींत पोटॅशियम भरपूर असतं, आजारी मूत्रपिंडाला ते बाहेर टाकता येत नाही, आणि हृदयाचे ठोके बिघडतात. ‘झाडपाल्यानं काय होतंय’ म्हणणाऱ्यांना मी ज्येष्ठमधाचं उदाहरण देतो. घशाला, पोटाला उत्तम औषध. पण रोज जास्त प्रमाणात घेतलं तर शरीर मीठ आणि पाणी धरतं, बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं. खोकल्यासाठी ज्येष्ठमध चघळणारा आणि ‘पाय का सुजलेत’ म्हणून विचारणारा एकच माणूस असू शकतो. बीपीच्या किंवा लघवीच्या गोळ्या चालू असताना काढा घ्यायचा तर डॉक्टर आणि वैद्य दोघांनाही एकमेकांचं औषध माहीत असलं पाहिजे. लपवाछपवी दोघांकडेही करू नका.

लेप आणि मालिश यात लोक फार गोंधळ करतात. मुरगळून आलेल्या सुजेला आंबेहळद, रक्तबोळ, तुरटीचा लेप चांगला. लाल, गरम, आग होणाऱ्या सुजेला दशांग लेप देतात, पण सोबत ताप असेल तर तो जंतुसंसर्ग समजून आधी दवाखाना. खानापूर भागात भातलावणीच्या दिवसांत चिखल्यांतून, म्हणजे बोटांच्या बेचक्यांत कुजलेल्या कातडीतून असा संसर्ग हमखास शिरतो. पाण्याने आलेल्या दोन्ही पायांच्या सुजेला लेपाचा उपयोग नगण्य. मालिश करायचीच तर हलक्या हाताने, खालून वर.

एकाच पायाला अचानक सूज, पिंढरीत दुखणं, पाय गरम आणि ताणलेला असेल तर तेलाची वाटी हातात घ्यायचीच नाही. ऑपरेशन, बाळंतपण, प्लास्टर किंवा मुंबईपर्यंतचा रात्रभराचा बसप्रवास यानंतर खोल शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते, आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाण्याची भीती असते. तासाभरात बिम्स (बेळगावचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय) किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात.

चरकाने शोथाचे सात उपद्रव मोजलेत: उलटी, श्वास, अरुची, तहान, ताप, जुलाब आणि अशक्तपणा. यातल्या श्वासाला मी सगळ्यांत घाबरतो. चालताना दम, उताणं झोपलं की गुदमरणं, रात्री उठून बसावं लागणं म्हणजे हृदय. सकाळी डोळ्यांखाली सूज आणि लघवीला न विरणारा फेस म्हणजे मूत्रपिंड. गरोदर बाईला पाचव्या महिन्यानंतर चेहरा-हात सुजून डोकं दुखत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, बीपी १४०/९० च्या वर असेल, तर काढ्याचं नावही काढू नका. बिदरकडच्या वाचकांसाठी एक वाक्य: तिकडे हत्तीरोग आहे, त्यामुळे एका पायाची हळूहळू वाढणारी, कडक होत जाणारी सूज असेल तर त्याची तपासणी करून घ्या, आणि सरकारी मोहिमेत मिळणाऱ्या गोळ्या घ्या.

तर तुमच्या आईसाठी क्रम असा लावा. या आठवड्यात बीपी, लघवीची साधी तपासणी, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी). तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात यातल्या बऱ्याच तपासण्या होतात. दुखण्याची गोळी बंद. रिपोर्ट आणि सगळ्या पट्ट्या घेऊन बीपीच्या डॉक्टरांकडे जाऊन सुजेचं सांगा, अॅम्लोडिपिनचं नाव घेऊन विचारा. त्यांना राग येईल असं समजू नका. रंजका, लोणचं, पापड बंद, आमटीत मीठ निम्मं, दुपारच्या झोपेऐवजी पाय वर ठेवून पडणं. घोट्याच्या चार बोटं वर टेपने माप घेऊन सकाळ-संध्याकाळ वहीत लिहा, सोबत सकाळचं वजन. गोळी बदलल्यावर दोन-तीन आठवड्यांत सूज उतरली तर काढ्याची गरजच नाही. रिपोर्ट चांगले असून थोडी सूज राहिलीच, तर पुनर्नवाष्टकाची भरड जवळच्या वैद्यांकडून प्रकृती दाखवून घ्या, सुरुवातीला दोन आठवड्यांपुरती, आणि त्या काळात बीपी दर तीन-चार दिवसांनी मोजा. वरचा आकडा १०० च्या खाली जायला लागला किंवा उठताना चक्कर आली तर काढा थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.